मागच्या सीटचा आवाज

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. पुसेगाव

काल गाडीची सर्व्हिसिंग करून आणली आणि आज गाडी बिघडली. याला म्हणतात विकतचं दुखणं.

हिंगोलीच्या शोरूमवाल्यांनी नवी चेन टाकली, चेनची दोन्ही चक्रं बदलली, वर गाडी धुऊन पुसून दिली. काल एकटा घरी आलो तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. आज सकाळी द्वारकाला मागे बसवून नरसीला निघालो, तर फाटा ओलांडायच्या आत मागच्या चाकाशी सुरू झालं. घर्रर्र... खट. घर्रर्र... खट. उतरलो, वाकून बघितलं, काहीच दिसलं नाही.

"काय झालं?" द्वारकाने विचारलं.

"आवाज येतोय."

"कशाचा?"

"ते कळलं असतं तर उतरलो असतो का?"

पुढे नरसीपर्यंत मी आवाज ऐकत गेलो आणि ती गप्प बसून आली. रविवार वाया गेला. हा रविवार म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या घरात सून सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील दगडोबा, वय चौऱ्याऐंशी, दिवसभर ओसरीवरच्या बाजेवर असतात. नजर गेली आहे, पण कान असे की मागच्या गल्लीत कुणाच्या म्हशीने दावं तोडलं तर मालकाच्या आधी यांना कळतं. घर दोन खणांचं. माणसाने बोलावं कुठे? लग्नाला तीस वर्षं झाली आणि तीस वर्षं आम्ही रस्त्यावर बोलतो. आधी सायकलवर, मग मोपेडवर, आता या गाडीवर. लेकीला, कोमलला, नर्सिंगला घालायचं ठरलं ते गाडीवर. माझी बदली झाली तेव्हा रडणंसुद्धा गाडीवर झालं (माझं). दर रविवारी नरसीला जायचं, नामदेवांचं दर्शन घ्यायचं, कयाधूच्या काठावर घटकाभर बसायचं आणि परत यायचं. देव मधला मुक्काम. खरं काम जाता-येता.

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाळेत एकटा गेलो, एकटा आलो. आवाज नाही. मुद्दाम खड्ड्यांतून घातली. तरीही नाही. चौतीस वर्षं गणित शिकवतोय, पण असं उदाहरण सापडलं नव्हतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळची शाळा आटोपून द्वारकाला घेऊन शोरूमला गेलो. पुरावा म्हणूनच नेली, कारण तिला बसवल्याशिवाय आवाज येत नाही. तिथल्या सुपरवायझरने एकट्याने एक चक्कर मारली आणि गाडी ओके आहे म्हणून सांगितलं. मी म्हणालो, मागे माणूस बसल्यावर बघा. त्याने द्वारकाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, मागे लोड जास्त होतोय. गाडीचं काय चुकलं त्यात? काकूंना रोज फिरायला पाठवा, आवाज आपोआप जातो." काउंटरवरचे दोघे हसले. मीही हसलो. माणसाने विनोद घ्यावा.

पण काम मात्र केलं नाही. चेनला तेल मारलं आणि वाटेला लावलं. चेनच्या कव्हराला खाली एक रबरी बूच असतं, आतली चेन बघायला. तेसुद्धा मागच्या सर्व्हिसिंगला हरवलेलं निघालं. त्यावरून मी चांगलाच बोललो. आपल्या वस्तूची काळजी आपण नाही घ्यायची तर कुणी घ्यायची?

येताना ऊन फार होतं, त्यामुळे द्वारका अवाक्षर बोलली नाही. खांद्यावर हातही ठेवला नाही, मागचं लोखंड धरून बसली. विचारलं तर म्हणाली, "असंच." आवाज होताच.

रविवार, ९ फेब्रुवारी

द्वारका आली नाही. स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणाली, "गुडघा दुखून राहिला. तुमी जाऊन या." गुडघ्याचं आधी कधी ऐकलं नव्हतं. मी एकटा नरसीला गेलो. गाडी अगदी चिडीचूप. काठावर बसलो, पण पाच मिनिटांतच उठलो. एकट्याने नदी किती वेळ बघायची?

परत आल्यावर आप्पांनी विचारलं, "आज एकलाच गेल्ता का?"

"व्हय, आप्पा."

"मंग आवाज न्हाई आला."

"न्हाई."

आप्पांनी बाजेवर कूस बदलली. मग पाणी मागितलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नांदेडहून कोमलचा फोन. म्हणाली, "पप्पा, आईनं वजनकाटा मागवलाय. कशाला हो?" मी म्हणालो, हळदीला असेल. दरवर्षी ती हळद दळून भावाकडे पुड्या पाठवते. कोमल म्हणाली, "पप्पा, उभं राहायचा काटा मागितलाय." मी म्हणालो, मग पोत्यांना असेल. एरवी पोरगी माझ्या प्रत्येक वाक्याला हसते, आज हसली नाही. "आईला फोन द्या," म्हणाली. दोघी आतल्या खोलीत दार लोटून बोलत बसल्या.

द्वारका अर्ध्या भाकरीवर उठते आहे. ऊन वाढलंय. माझीही भूक कमी झाली आहे, पण माझी मुळात होती कधी? मी सत्तावन्न किलोचा माणूस.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज प्रयोग केला आणि प्रयोग यशस्वी झाला. सविस्तर लिहितो.

द्वारका आजही येत नाही म्हणाली. मग आवाज तपासायचा कसा? बसून विचार केला आणि सुचलं, की माणूस नाही तर माणसाएवढं वजन हवं. तिच्या थायरॉइडच्या कागदावर आकडा सापडला. एकाहत्तर. समोरच्या आडतीवरून काटा उचलून आणला, घरातलं सोयाबीनचं पोतं त्यावर चढवलं. साठ भरलं. मग ओंजळीने सोयाबीन घालत गेलो आणि आप्पांना दिसत नाही म्हणून आकडे मोठ्याने म्हणत गेलो. पासष्ट. अडुसष्ट. सत्तर. एकाहत्तर. "बराबर कोमलच्या आईएवढं झालं!" मी म्हणालो.

तोवर गल्लीतली चार माणसं जमली होती. शेजारचा सोमेश्वर म्हणाला, "गुरुजी, पोत्याला पदर घ्या की, मागं आप्पा बसलेत." सगळे हसले. द्वारका दारात सूप घेऊन उभी होती. मी तिलाही डोळ्यानेच खूण केली, बघ म्हणून.

पोतं मागच्या सीटवर दोरीने आवळलं आणि निघालो. फाट्याच्या अलीकडे सुरू! घर्रर्र... खट. मला इतका आनंद झाला की मागे वळून पोत्यालाच म्हणालो, "ऐकलंस?" द्वारका असो की पोतं, आवाज तोच आणि तेवढाच. अंगणात परत येऊन जाहीर केलं, "वजनाचाच प्रश्न आहे!"

द्वारका आत गेलेली होती. नंतर बाहेर येऊन तिने पोतं सोडलं आणि मी वर घातलेलं अकरा किलो सोयाबीन पाटीत काढायला लागली. मी म्हणालो, मी करतो. तिने हातानेच नको म्हटलं. तेही मान वर न करता.

प्रयोग यशस्वी झाला, पण दिवस काही चांगला गेला नाही. का ते सांगता येत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

द्वारका रोज सकाळी गल्लीतल्या शकुंतलाबाईबरोबर सेनगाव रस्त्याने चालायला जाते. गुडघा दुखतो आणि चालायला जाते! बायकांचं शास्त्र वेगळं असतं. मी शाळेत जाताना दोघी पुलाजवळ दिसल्या. मी हॉर्न दिला. शकुंतलाबाईने हात केला. द्वारकाने पदर सारखा केला.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र

दरवर्षी आम्ही दोघे औंढ्याला गाडीवर जातो. लग्नानंतरची एकही शिवरात्र चुकलेली नाही. कोमल पोटात असताना तर डॉक्टरांचं न ऐकता गेलो होतो. आज सकाळी द्वारका तयार झाली, पण बाहेर न येता दाराआडूनच म्हणाली, "मी बायकांच्या टेम्पोत जाते. तुमी या गाडीवर."

मी काय म्हणणार? आप्पा तिथेच होते. "बरं," म्हणालो.

मी टेम्पोच्या मागेमागे गेलो. टेम्पोत वीसेक बायका उभ्या, मधे द्वारका. गाणी म्हणत होत्या. एकदा ती कशावर तरी हसली, शकुंतलाबाईच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मोकळी. खूप दिवसांनी तिला हसताना बघितलं आणि ते असं दहा हात मागून, धूळ खात. मला वाईट वाटलं. स्पष्टच लिहितो, हेवा वाटला. त्या वीस बायकांचा हेवा वाटला. मला तिला सांगायचं होतं की सातवीतल्या पुनमने गणिताच्या चाचणीत वर्गात पहिला नंबर काढला, की माझ्या पेन्शनचे कागद वर गेले, की दाढेला कळ येते. यातलं काही महत्त्वाचं नाही. पण साडेतीन आठवडे झाले, एकही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

औंढ्याला रांग मोठी होती. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. देवापाशी मी चेनचा आवाज जाऊ दे म्हणून मागितलं. हसू येईल कुणाला, पण तेच मागितलं. आवाज गेला की ती येईल, असं मला वाटतं. नेमकं का वाटतं, कुणास ठाऊक.

शनिवार, १ मार्च

शाळेच्या वाटेवर तांडा आहे. तिथे धर्मसिंग राहतात. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते, आता दारापुढे कडुनिंबाखाली ओळखीच्यांच्या गाड्या बघतात. त्यांच्या दोन्ही पोरी माझ्या हाताखालून गेल्या. आज शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गाडी नेली. हे आधी का सुचलं नाही? शोरूमची पावती असताना झाडाखाली कशाला जायचं, असा ताठा होता. आपणच आपल्याला ओळखावं.

त्यांनी गाडी मेन स्टँडवर लावली, बुचाच्या भोकातून बोट घालून चेन वर-खाली करून बघितली. मग मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा बघितल्या आणि मला खाली बसायला लावलं.

"हे बघा गुरुजी. ह्या अंगाला चौथी खूण, त्या अंगाला तिसरी. चाकच वाकडं बसवलं. ती खट-खट त्याची. अन् चेन बघा, हलती का? ताणून ठेवली हाय. मोकळी गाडी स्टँडवर लावून ताणली त्यायनं. मोकळ्या गाडीला चालून जातं. मागं कोणी बसलं की चाक वर सरकतं, चेन अजून ओढल्या जाती. मंग ओरडंल न्हाई तर काय करंल?"

"म्हणजे वजन जास्त झालं म्हणून नाही?"

"कशाचं वजन? ही गाडी दोघायसाठी बनवेल हाय. ह्या हालतीत तुमी कोणालाबी बसवा, ती ओरडणारच. माणूस बसणार हे धरून चेन सैल ठेवावी लागती. बसणाऱ्याला बसवून मोजावी लागती. वहिनीला काहून न्हाई आणलं?"

"ती येत नाही हल्ली."

"काहून?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. शोरूमची गोष्ट सांगितली, पोत्याची सांगितली. पोत्यावर धर्मसिंग पोट धरून हसले. मग मधेच थांबले.

"वहिनी कुठं होत्या तवा?"

"दारात."

ते पान्यावरचं ग्रीस कापडाने पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले. "तिच्या नावाचं पोतं तिच्याच दारात, लोकायच्या देखत मोजलं," ते म्हणाले. "अन् चूक चेनची हाय हे सांगितलं का तिला?"

"मला आत्ता कळलं."

"मंग हितं काहून बसून राहिले?"

चाक त्यांनी सरळ बसवून दिलं. पण चेन शेवटची कसून द्यायला तयार झाले नाहीत. "वहिनी बसल्याबिगर मी नट आवळत न्हाई. घरी करा. दोघायचं वजन गाडीवर असू द्या, अन् मंग बोट घालून बघा. बोटभर हलली पाहिजे." दोन पाने दिले, एक रबरी बूच दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "पोरी शिकवल्या तवा मी विचारलं होतं का?"

शनिवार, तोच दिवस, दुपार

घरी आलो आणि ही वही काढून २ तारखेपासून वाचली.

"मीही हसलो. माणसाने विनोद घ्यावा." माझ्याच अक्षरात आहे. त्याखाली रबरी बुचाबद्दल मी केवढा बोललो ते आहे. एका बुचासाठी त्या माणसाशी भांडलो आणि बायकोच्या बाबतीत त्याच्याबरोबर हसलो.

मग अर्धी भाकरी. वजनकाटा. गुडघा. पुलापर्यंतचं चालणं. टेम्पो. सगळं मीच लिहून ठेवलंय, तारीखवार. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, लाल शाईने चुका काढल्या, आणि माझ्या वहीत एकच चूक पानापानावर होती तरी मला दिसली नाही. मला लाज वाटली.

द्वारका आत भाजी निवडत होती. दोनदा दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा ओसरीवर आप्पा खाकरले आणि मी परत फिरलो. आत जाऊन कुजबुजावं, तर ही कुजबुजायची गोष्ट नाही. मी चारचौघांत हसलो. पोतं चारचौघांत मोजलं.

रविवार, २ मार्च

सकाळी आप्पांचा चहा झाल्यावर गाडी अंगणात लावली. पोतं बाहेर काढलं. काट्यावर सत्तावन्न भरलं, म्हणजे माझ्याएवढं, आणि गाडीवर माझ्या जागी बांधलं. मग ओसरीसमोर उभा राहून हाक मारली, "द्वारका, जरा बाहेर ये."

तीस वर्षांत मी तिला आप्पांसमोर नावाने हाक मारलेली नव्हती. आत भांडं पडलं. ती दारात आली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, चेहरा घाबरलेला. तिला वाटलं कुणाला काही झालं.

"गाडीवर बस," मी म्हणालो. "चेन मोजायची आहे. तू बसल्याशिवाय मोजता येत नाही. चेनच चुकीची बसवली होती. तुझं काही चुकलेलं नाही."

ती आप्पांकडे बघत उभी राहिली. मीही बघितलं. आप्पा बाजेवरून उठले. काठी टेकत टेकत अंगणात आले, हाताने चाचपत हँडल शोधलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तोंड रस्त्याकडे करून.

"गाडी मी धरतो," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या. मला आजकाल काही ऐकू येत न्हाई."

याच माणसाने सकाळी ओसरीवरून सांगितलं होतं, की चुलीवर दूध उतू चाललंय.

द्वारका बसली. पुढे पोतं, मागे ती. मी जमिनीवर बसून बुचाच्या भोकातून बोट घातलं. चेन तारेसारखी ताठ. नट सैल केला, दोन्ही बाजूंच्या खुणा एकेक घर पुढे घेतल्या, परत बोट घातलं.

"पोत्यात किती भरलं?" वरून तिने विचारलं. अगदी हळू.

"सत्तावन्न. माझ्याएवढं."

"बरंय पोतं," ती म्हणाली. "पुढं बसतं अन् हसत बी न्हाई."

मी पाना खाली ठेवला. वर बघायची हिंमत नव्हती. तिच्या पावलांकडे बघूनच म्हणालो, "त्या दिवशी मी हसलो."

"व्हय."

"हसायला नको होतं."

"मला वाटलं तुमी त्याला काही बोलाल." ती थांबली. "मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. मला वाटलं, आता बोलतील. मंग तुमचं हसणं ऐकू आलं."

"नाही बोललो."

"न्हाई बोलले." आप्पांनी हँडलवरची पकड बदलली. "तीस वर्षं मागं बसले," द्वारका म्हणाली, "कधी वाटलं न्हाई का मी ओझं हाये म्हणून. आता गाडीवर पाय ठेवला की तेच वाटतं."

"चेनची चूक होती. सगळी."

"सगळी चेनची न्हाई."

"नाही," मी म्हणालो. "माझी होती. चेनची सोपी होती, दोन पान्यांत निघाली." माझा आवाज चिरकला. वर्गात कधी चिरकत नाही.

तिचा एक पाय माझ्या हाताशी होता, तो तिने काढून घेतला नाही.

"हलती का चेन?" शेवटी तिने विचारलं.

"हलती."

"किती?"

"बोटभर. धर्मसिंगनी सांगितली तेवढी."

"मंग उतरू का?"

"थोडी बसून राहा," मी म्हणालो. नट आवळायचा होता हे खरं. पण नट आवळून झाल्यावरही मी तिथेच बसलो होतो.

आप्पा म्हणाले, "झालं असंल तर सांगा. माझे हात भरून आले." आणि लगेच, "म्हंजे, झालं का न्हाई ते मला कळंना म्हणून म्हणलं."

तिच्या नाकातून हसू फुटलं. सासऱ्यासमोर.

दहा वाजता नरसीला निघालो. ती बसताना क्षणभर थबकली, ते मला आरशात दिसलं. फाट्यापर्यंत दोघेही ऐकत होतो. फाटा गेला. पूल गेला. इंजिनाचा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. पुलानंतर तिचा हात खांद्यावर आला. मग ती बोलायला लागली ते नरसीची कमान येईपर्यंत. भावाच्या सुनेचं बाळंतपण, शकुंतलाबाईच्या जावयाचं नवं खूळ, कोमलच्या वॉर्डातली एक म्हातारी जी कोमलला मावशी म्हणते. मी नुसता हं, हं म्हणत होतो. माझं पेन्शनचं, दाढेचं, पुनमच्या नंबराचं, सगळं आतच राहिलं. येताना तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला.

घरी आल्यावर तिने दुपारी पूर्ण भाकरी खाल्ली असं मी लिहिणार होतो. पण खाल्ली नाही, अर्धीच खाल्ली. चालायलाही उद्यापासून जाणारच आहे म्हणाली, शकुंतलाबाईशी गप्पा होतात. एका दिवसात सगळं मिटत नाही. मी हसलो ते तिला अजून ऐकू येत असणार. मलाही येतं.

बुधवार, ५ मार्च

शाळेतून आलो, चहा झाला. पुनमच्या वर्गाचे पेपर तपासायचे होते म्हणून ओसरीवर बसलो. पेपर बाजूला ठेवून आधी ही वही उघडली, कारण कालपासून दाढ फारच ठणकते आहे, ते लिहून ठेवावं म्हटलं. आप्पा बाजेवर आहेत, डोळे मिटून.

एवढं लिहिलं आणि द्वारका बाहेर आली. आधी वाटलं तुळशीला पाणी घालायला. पण हातात तांब्या नाही, लवंगेची डबी आहे. डोक्यावर पदर आहे, रोजचाच. उंबऱ्यापाशी थांबली, आप्पांकडे बघितलं, मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन दिवस झाले गाल धरून हिंडून राहिले. दाढ दुखती का? मला काहून न्हाई सांगितलं?"

आज बुधवार आहे आणि गाडी गोठ्यात आहे.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. पाय तेवढे जवळ घेतले, बाजेवर एक माणूस बसेल एवढी जागा केली. ती बसली आहे आणि उत्तराची वाट बघते आहे. मी वही मिटतो.